पन्नास मीटरनंतर दम लागतो? मोठेपणी लांब अंतर वेगात पोहण्याची तयारी

हा लेख कोणासाठी आहे ते आधी सांगते. तुम्हाला फ्रीस्टाइल येते, खोल पाण्याची भीती गेली आहे, २५ मीटर तुम्ही सहज पार करता. पण पन्नास मीटर झाले की कठडा धरून धापा टाकाव्या लागतात. शेजारच्या लेनमध्ये तुमच्यापेक्षा वयाने मोठं कोणीतरी अर्धा-अर्धा तास न थांबता फेऱ्या मारत असतं आणि हे कसं जमतं ते कळत नाही. मीही मोठेपणीच पोहायला शिकले. 'रोज पोहत राहा, दमसास आपोआप वाढेल' हा सल्ला सगळे देतात. तो अर्धाच खरा आहे, आणि उरलेलं अर्धं कोणी नीट सांगत नाही म्हणून हे लिहिते आहे.

डोळ्यांसमोर १५०० मीटरचं अंतर ठेवा. ऑलिंपिकमध्ये तलावात होणारी ही सर्वांत लांब शर्यत, आणि ट्रायथलॉनच्या (पोहणं, सायकल आणि धावणं सलग असलेल्या शर्यतीच्या) ऑलिंपिक प्रकारातही पोहण्याचं अंतर हेच असतं. ५० मीटरच्या तलावात ३० लांब्या (एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत एक लांबी), २५ मीटरच्या तलावात ६०.

सगळी तयारी एका गोष्टीभोवती फिरते. पाणी हवेपेक्षा सुमारे ८०० पट दाट आहे आणि त्याचा विरोध वेगाच्या साधारण वर्गाच्या पटीत वाढतो. दुप्पट वेगाने जायचं तर जवळजवळ आठपट ताकद लागते. म्हणून नुसता जोर लावून वेग वाढत नाही, दम मात्र लगेच संपतो. रोज दहा किलोमीटर पळणारी माणसंसुद्धा तलावात दोन लांब्यांत थकतात ती याचमुळे. आधी पाण्याचा विरोध कमी करायचा, मग अंतर वाढवायचं आणि वेगाकडे शेवटी वळायचं. हा क्रम उलटा केला की महिनोन्‌महिने त्याच जागी अडकायला होतं.

१. डॉक्टर आणि सामान

चाळिशी ओलांडली असेल, रक्तदाब, हृदयविकार, दमा किंवा फिट येण्याचा त्रास असेल, कानाच्या पडद्याला छिद्र असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय मेहनतीचा सराव सुरू करू नका. खांद्याचं जुनं दुखणं असेल तर तेही सांगा.

पहिल्या दिवसापासून लागणारं सामान:
- गॉगल. घेताना पट्टा न लावता डोळ्यांवर हलकेच दाबून पाहा. दोन-तीन सेकंद तो स्वतःहून चिकटून राहिला तर तुमच्या चेहऱ्याला बसतो. आतल्या बाजूला बोट लावून पुसू नका, धुकं न धरण्याचा थर निघून जातो.
- अंगाला घट्ट बसणारा पोशाख आणि टोपी. ढगळ चड्डी पाणी ओढत नेते.
- पाण्याची बाटली. पाण्यातही घाम येतो, तो जाणवत नाही एवढंच.
- सेकंद दाखवणारं घड्याळ, तलावाच्या भिंतीवरचं किंवा मनगटावरचं.
- वही. हिच्याशिवाय पाचव्या आणि सहाव्या पायरीला अर्थ नाही.

काही आठवड्यांनी घ्यायचं सामान: पायात घालायचे आखूड फिन्स, पुल बॉय (मांड्यांमध्ये धरायचा तरंगता ठोकळा) आणि समोरून वर येणारा स्नॉर्केल (श्वास घ्यायची नळी). हातातली पॅडल्स (तळव्यांवर बांधायच्या सपाट पट्ट्या) पहिले काही महिने घेऊच नका. चुकीच्या पद्धतीने हात मारत असाल तर पॅडल ती चूक कित्येक पटींनी खांद्यावर लादतं. पुल बॉयचा वेगळाच सापळा आहे. तो पाय वर धरून ठेवतो, त्यामुळे एकदम छान पोहता येतंय असं वाटतं आणि लोक तो सोडतच नाहीत. एकूण अंतराच्या पाचव्या भागापेक्षा जास्त तो वापरू नये असं माझं मत आहे.

२. श्वास सोडायला शिका

एकच पायरी करायला वेळ असेल तर ही करा.

नवख्याला वाटतं की आपल्याला हवा कमी पडते आहे. प्रत्यक्षात श्वास घेण्याची ती तीव्र ओढ मुख्यतः कार्बन डायऑक्साइड साठल्यामुळे लागते, प्राणवायू संपल्यामुळे नाही. तोंड पाण्यात असताना आपण नकळत श्वास रोखतो आणि डोकं वळवल्यावर त्या जेमतेम अर्ध्या सेकंदात आधी सोडायची आणि मग घ्यायची अशी दोन्ही कामं करू पाहतो. सोडणं अर्धवट राहतं, घेणं त्याहून अर्धवट. आठ-दहा श्वासांत छाती भरल्यासारखी होते आणि धाप लागते. म्हणजे दमसास असतो. तो वापरायला मिळत नाही.

सराव असा. उथळ पाण्यात उभे राहा, तोंड पाण्यात घाला आणि नाका-तोंडातून सावकाश, न थांबता बुडबुडे सोडा. वर आलात की फक्त घ्यायचं, कारण सोडून झालेलं असतं. असं वीस वेळा. मग भिंत ढकलून याच लयीत पोहा. तोंड पाण्यात गेल्या क्षणापासून बुडबुडे सुरू झाले पाहिजेत आणि डोकं वळण्याच्या जरा आधी शेवटचा जोरदार फुंकर. गुणगुणत श्वास सोडला तर तो आपोआप एकसारखा सुटतो, हे मला फार उपयोगी पडलं.

श्वास घेताना डोकं उचलायचं नाही, अंगाबरोबर वळवायचं. एका डोळ्याचा गॉगल पाण्यातच राहिला पाहिजे. पुढे सरकताना डोक्याच्या बाजूला पाण्यात छोटासा खळगा तयार होतो, तोंड त्यात येतं. हवा तिथेच मिळते.

किती हातांनंतर श्वास घ्यावा? 'दर तिसऱ्या हाताला' हा नियम नवख्यांवर लादला जातो. लांब अंतरासाठी दर दोन हातांनंतर श्वास घेणं अगदी योग्य आहे, उत्तम स्पर्धकही तसंच पोहतात. फक्त एका लांबीला उजवीकडून आणि परतताना डावीकडून घ्या, म्हणजे दोन्ही बाजू तयार होतात आणि अंग एकाच अंगावर कलत नाही.

आता एक इशारा, आणि तो गंभीरपणे घ्या. श्वास रोखून पाण्याखाली लांब जाण्याची पैज किंवा सराव करू नका. त्याआधी जोरजोरात बरेच श्वास घेतले तर कार्बन डायऑक्साइड इतका कमी होतो की श्वासाची ओढ लागण्याआधीच माणूस बेशुद्ध होतो. चांगले पोहणारे उथळ पाण्यात बुडाले आहेत ते यामुळे. लांब पोहण्यासाठी या सरावाची गरजही नाही.

३. शरीर आडवं ठेवा

फुप्फुसांत हवा असते म्हणून छाती तरंगते. पाय जड, ते बुडू पाहतात. अंग तराजूच्या दांडीसारखं वागतं: डोकं वर उचललं की पाय खाली. पाय खाली गेले की अख्खं शरीर पाणी अडवत पुढे जातं आणि तिथे सगळी ताकद संपते.

नजर तळाच्या रेषेवर ठेवा, हवं तर जरा पुढे. समोरची भिंत बघायची नाही. मान सैल. छातीवर हलका दाब द्या, कंबर वर येते. हे नीट जमलं आहे का ते कळायला सोपी खूण म्हणजे नितंबांना हवा लागते.

पाय कमरेतून हलवायचे, गुडघ्यातून सायकल मारायची नाही. घोटे सैल, बोटं मागे, हालचाल छोटी. मांडीचे स्नायू मोठे असतात आणि ते प्राणवायू भराभर खातात, म्हणून लांब अंतराला पाय फक्त तोल सांभाळण्यापुरते: दोन हातांमागे दोन लाथा पुरतात. पळणाऱ्यांचे आणि सायकलवाल्यांचे घोटे ताठ असतात. त्यांनी आखूड फिन्स घालून आठवड्यातून दोनदा २०० मीटर पाय मारले तर बराच फरक पडतो.

४. हाताने पाणी मागे ढकला

हात खांद्याच्या रेषेत पाण्यात जावा. डोक्यासमोर मध्यरेषा ओलांडली की अंग सापासारखं वळवळतं आणि खांदाही दुखावतो. 'दोन्ही हात जरा जास्तच रुंद टाकतोय' असं वाटत असेल तर बहुतेक ते बरोबर असतात.

हात आत गेल्यावर पाणी खाली दाबू नका. खाली दाबलं तर डोकं वर येतं, पुढे कोणी जात नाही. कोपर वर राहू द्या, बोटं तळाकडे वळवा आणि तळवा व कोपरापर्यंतचा हात मिळून पाणी मागे, मांडीपर्यंत ढकला.

यासाठी दोन ड्रिल, म्हणजे एकाच गोष्टीवर भर देणारे सराव, पुरेत. पहिलं, मुठी वळून २५ मीटर पोहायचं आणि पुढचे २५ मीटर हात उघडून. मुठींमुळे कोपरापर्यंतच्या हाताने पाणी धरायला भाग पडतं आणि हात उघडल्यावर पाण्याची पकड स्पष्ट जाणवते. दुसरं, एक हात पुढे लांब ठेवून दुसऱ्या हाताने पोहायचं, मग बाजू बदलायची. इंटरनेटवर ड्रिलचे पन्नास प्रकार सापडतील. दर आठवड्याला नवं करण्यापेक्षा हीच दोन महिनाभर करा.

दर लांबीला किती हात लागतात ते मोजा आणि वहीत लिहा. २५ मीटरला ३० हात लागत असतील तर काही आठवड्यांत २४-२५ वर येणं शक्य आहे. पण संख्या कमी करायच्या नादात प्रत्येक हातानंतर थांबून घसरत राहू नका. पाण्यात थांबलात की वेग लगेच उतरतो आणि पुढच्या हाताला तो पुन्हा उभा करावा लागतो. वेग म्हणजे एका हातात कापलेलं अंतर गुणिले मिनिटाला मारलेले हात. एक वाढवताना दुसरं कोसळू द्यायचं नाही.

शक्य असेल तर कोणाकडून तरी समोरून आणि बाजूने व्हिडिओ काढून घ्या (तलावाची परवानगी विचारून). आपण काय करतोय असं वाटतं आणि खरोखर काय करतोय यात केवढं अंतर असतं ते अर्ध्या मिनिटात दिसतं. चांगल्या प्रशिक्षकाचे चार-पाच तास मिळाले तर ते याच टप्प्यावर घ्या.

५. अंतर वाढवा, तुकड्यांनी

आठवड्यातून तीन दिवस, प्रत्येकी ४५ मिनिटं. रविवारी एकदाच दोन तास पोहण्यापेक्षा हे कितीतरी चांगलं, कारण पाण्याची जाण चार-पाच दिवसांच्या खंडातही बोथट होते.

'आज न थांबता किती जमतंय बघू' असं करू नका. एकूण ८०० मीटर ठरवा आणि त्याचे तुकडे करा:
- १६ वेळा ५० मीटर, मध्ये ३० सेकंद विश्रांती
- ८ वेळा १०० मीटर, मध्ये २५ सेकंद
- ४ वेळा २०० मीटर, मध्ये ३० सेकंद
- २ वेळा ४०० मीटर, मध्ये ४५ सेकंद
- सलग ८०० मीटर

एका ओळीवरून दुसऱ्या ओळीवर कधी जायचं? पहिल्या आणि शेवटच्या तुकड्याच्या वेळेत तीन-चार सेकंदांहून जास्त फरक राहिला नाही की (२०० आणि ४०० ला थोडा जास्त चालेल). कोणाला एका ओळीला आठवडा लागतो, कोणाला तीन. विश्रांती घड्याळावर मोजा. 'बरं वाटेपर्यंत' थांबलात तर काहीच मोजलं जात नाही.

इथला सर्वांत मोठा सापळा म्हणजे पहिला तुकडा. ताजेतवाने असता, सगळं हलकं वाटतं आणि पहिले ५० मीटर दहा सेकंद लवकर संपतात. त्याची किंमत पाचव्या-सहाव्या तुकड्यापासून चुकवावी लागते. पहिला तुकडा कंटाळा येईल इतका सावकाश पोहा.

६. वेग मोजा आणि मगच वाढवा

सलग ८०० जमू लागलं की वेगाकडे वळा. त्यासाठी आपला टिकाऊ वेग कळायला हवा, म्हणजे बराच वेळ धाप न लागता धरता येईल असा सर्वांत जास्त वेग. जलतरणाचे प्रशिक्षक तो दोन चाचण्यांवरून काढतात.

१० मिनिटं हलकं पोहून अंग गरम करा. मग भिंतीवरून ढकलून, सूर न मारता, ४०० मीटर जितक्या लवकर एकसारख्या गतीने जमेल तितकं पोहा. वेळ लिहा. पाच-दहा मिनिटं अगदी हलकं पोहून सावरा. मग तसंच २०० मीटर. आता ४०० च्या वेळेतून २०० ची वेळ वजा करा आणि उत्तराला दोनने भागा. आला तो तुमचा दर १०० मीटरचा टिकाऊ वेळ.

उदाहरण: ४०० ला ९ मिनिटं ५० सेकंद, २०० ला ४ मिनिटं ४० सेकंद. वजाबाकी ५ मिनिटं १० सेकंद, निम्मे २ मिनिटं ३५ सेकंद. या व्यक्तीने दर शंभराला २:४० ची गती धरली तर १५०० मीटर बरोबर ४० मिनिटांत होतात.

२०० मीटरला शेवटी जीव तोडून पोहलात आणि ४०० ला नाही, तर उत्तर चुकतं आणि टिकाऊ वेग खऱ्यापेक्षा संथ निघतो. चाचणी नेहमी त्याच लांबीच्या तलावात घ्या. २५ मीटरच्या तलावात भिंती जास्त मिळतात म्हणून वेळ चांगली येते, तिची तुलना ५० मीटरच्या तलावाशी करू नका.

मुख्य सराव या आकड्यावर उभा राहतो: ८ ते १० वेळा १०० मीटर, प्रत्येक शंभर याच वेळेत, मध्ये २० सेकंद. पहिले तीन सोपे वाटतील, आठवा अवघड. तसंच वाटायला हवं. दहाही वेळेत आले की आधी विश्रांती १५ सेकंदांवर आणा, मग लक्ष्य एक-दोन सेकंदांनी खाली. पाच सेकंदांची उडी मारू नका, हात तुटक पडायला लागतात. दर सहा ते आठ आठवड्यांनी चाचणी पुन्हा.

७. आठवड्याचा आराखडा

*पहिला दिवस, तंत्र (१२५० मी.):* २०० हलकं, ८ × ५०, त्यात २५ ड्रिल आणि २५ साधं, मध्ये २० सेकंद, ४ × १०० सावकाश, हात मोजत, ६ × २५ जोरात, मध्ये ४० सेकंद, १०० हलकं.

*दुसरा दिवस, वेग (१३०० मी.):* २०० हलकं, ४ × ५०, प्रत्येक आधीच्यापेक्षा किंचित जलद, ८ × १०० टिकाऊ वेगाने, १०० हलकं.

*तिसरा दिवस, लांब (१५०० मी.):* २०० हलकं, ३ × ४००, टिकाऊ वेळेपेक्षा दर शंभराला ६-८ सेकंद संथ, मध्ये ४० सेकंद, १०० हलकं.

पहिल्या दिवशीचे ते जोरातले २५ मीटर गाळू नका. लांब पोहणाऱ्यांना ते निरुपयोगी वाटतात, पण फक्त संथ पोहत राहिलं तर हातांना एकाच गतीची सवय लागते. दर चौथ्या आठवड्याला अंतर एक तृतीयांशाने कमी करा.

८. खांदे आणि पोटऱ्या

स्नायू थकून दुखणं वेगळं आणि खांद्याच्या पुढच्या किंवा वरच्या भागात टोचल्यासारखी कळ येणं वेगळं. दुसरी आली तर त्याच दिवशी थांबा. कारणं बहुधा हीच असतात: हात मध्यरेषा ओलांडतोय, अंगठा आधी पाण्यात जातोय, पॅडल्स, किंवा एका आठवड्यात अंतर एकदम वाढवलं. आठवड्याला साधारण दहा टक्क्यांहून जास्त वाढ नको. रबरी पट्ट्याने खांदा बाहेर फिरवण्याचा आणि मागे ओढण्याचा व्यायाम आठवड्यातून दोनदा करा. दुखणं आठवडाभर टिकलं तर फिजिओथेरपिस्टला दाखवा.

पोटरीत गोळा आला तर घाबरू नका. कठडा धरा, पायाची बोटं आपल्याकडे ओढा. वारंवार येत असेल तर पाय बहुधा फार ताणून ठेवता आहात.

९. वळण आणि लेनची रीत

कोलांटी वळण शिकलात तर उत्तम, १५०० मीटरसाठी सक्तीचं नाही. भिंतीला हात लावा, गुडघे पोटाशी घ्या, वळा, ढकला. ढकलल्यावर दोन्ही हात कानांशी घट्ट, एकावर एक तळवे, आणि वेग उतरायच्या आत पहिला हात मारा. साठ लांब्यांत प्रत्येक भिंतीला एक सेकंद वाचला तर जवळजवळ एक मिनिट वाचतं.

लेनमध्ये सगळे ज्या दिशेने फिरतात तसंच फिरा. विश्रांती घेताना कोपऱ्यात सरका. मागचा पायाला हात लावत असेल तर पुढच्या भिंतीशी त्याला जाऊ द्या.

१०. मोकळ्या पाण्यात उतरायचं असेल तर

१० किलोमीटरची मोकळ्या पाण्यातली शर्यत २००८ पासून ऑलिंपिकमध्ये आहे, आणि हौशी लोकांसाठी छोट्या अंतराच्या शर्यतीही होतात. तलावात सलग १५०० झाल्याशिवाय तिकडे जाऊ नका, आणि एकट्याने कधीच नाही. कमरेला बांधायचा भडक रंगाचा तरंगता फुगा घ्या, म्हणजे नावेतल्यांना तुम्ही दिसता.

थंड पाण्यात पहिल्या एक-दोन मिनिटांत श्वास अनावर होतो. तोवर पोहायला सुरुवात करू नका, उताणे तरंगत राहा, श्वास स्थिरावू द्या. तळाला रेषा नसते, म्हणून दर सात-आठ हातांनी फक्त डोळे पाण्यावर काढून खूण बघा आणि मग बाजूला वळून श्वास घ्या. दोन्ही एकाच वेळी करायला गेलात की पाय बुडतात. हा सराव आधी तलावात करून घ्या.

११. १५०० मीटरचा दिवस

आधीच्या आठवड्यात अंतर निम्मं करा, पण थोडे जोरातले २५ मीटर ठेवा. जड जेवणानंतर निदान दोन-तीन तास जाऊ द्या. लांब्या मोजायला कोणाला तरी काठावर उभं करा; साठापर्यंत मोजताना चुकायला होतंच.

पहिले ३०० मीटर ठरवलेल्या गतीपेक्षा दर शंभराला दोन-तीन सेकंद संथ. ३०० ते १००० ठरलेल्या गतीने. या मधल्या भागात मन भरकटतं आणि हात लांबी सोडतात, म्हणून दर शंभराला एकच गोष्ट तपासा: एकदा बुडबुडे, एकदा नजर, एकदा कोपर. १००० नंतर अंगात असेल तर वाढवा. धाप लागलीच तर थांबू नका, चार-पाच लांब्या गती कमी करून पूर्ण श्वास सोडण्यावर लक्ष द्या, बहुतेक वेळा ती उतरते. छातीत दुखलं, चक्कर आली, तर मात्र तिथेच थांबायचं आणि मदत मागायची.

बाहेर आल्यावर एकूण वेळ लिहाच, शिवाय दर ५०० ची वेळही लिहून घ्या. शेवटचं ५०० पहिल्यापेक्षा अर्ध्या मिनिटाहून जास्त संथ असेल तर पुढचे काही आठवडे लांब दिवसाचा भर वाढवा, ३ × ४०० चे ४ × ४०० करा. तिन्ही जवळपास सारखे असतील तर वेगाच्या दिवसाला दोन शंभर जोडा. दोन-तीन दिवस हलकं पोहून झालं की ४०० आणि २०० ची चाचणी पुन्हा घ्या आणि नव्या आकड्यावर सहावी पायरी सुरू करा.